नाळ बुडते म्हणून पिछाडीला शिसे ठेवू नका: लहान शिडाच्या बोटीतले वजन आणि ट्रिम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बोट 28 फुटी, किलची (तळाला वजनदार पाते असलेली), आत छोटे डिझेल इंजिन. लांबच्या सफरीसाठी दोन वर्षे सामान वाढत गेले. नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, दोरीच्या जागी 8 मिमीची 60 मीटर साखळी आणि 15 किलोचा नांगर आला. पुढच्या बर्थखाली 90 लिटर पाण्याची जादा टाकी बसवली. डाव्या मागच्या बर्थखाली तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. पिछाडीवर सोलर पॅनेलची स्टीलची कमान आहे आणि तिच्यावर डिंगीचे, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचे, इंजिन टांगलेले आहे. आता धक्क्याला बांधलेली असताना नाळ खाली दिसते आणि बोट डावीकडे किंचित कललेली असते. समोरून आखूड लाटा आल्या की ती जागच्या जागी माना घालत राहते, म्हणजे नाळ वरखाली होत राहते, आणि टिलर (सुकाणूचा दांडा) हाताला ओढतो. नाळ वर यावी म्हणून पिछाडीच्या लॉकरात 60 किलो शिसे ठेवावे का, असे तुम्ही विचारले आहे.

नका ठेवू. तुमच्या बोटीचा खरा आजार नाळ खाली असणे हा नाही, असे मला वाटते. का वाटते ते आकड्यांनीच दाखवते, कारण या विषयात डोळा फार फसवतो.

28 फुटी मध्यम वजनाची बोट धरू. पाण्यावरची लांबी 7 मीटर, रुंदी 2.7 मीटर, वजन 3500 किलो. पाण्याच्या पातळीला अशा बोटीचा छेद साधारण 11 चौरस मीटरचा असतो. म्हणजे समुद्राच्या पाण्यात ती 1 सेंमी खाली बसायला सुमारे 110 किलो लागतात. पुढेमागे झुकण्याचा हिशोब वेगळा. बोट ज्या जागेभोवती पुढेमागे झुकते ती जागा लांबीच्या मध्याच्या जरा मागे असते. त्या जागेपासूनचे अंतर मीटरमध्ये घ्या, वस्तूचे वजन किलोत घ्या आणि गुणा. या बोटीत गुणाकार 45 च्या आसपास आला की ट्रिम, म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकांच्या बुडण्यातला फरक, 1 सेंमी बदलतो. त्यातला निम्मा फरक नाळेला दिसतो, निम्मा पिछाडीला. तुमच्या बोटीचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण अंदाजाला एवढे पुरे.

आता तुमचे सामान यात घालू. 8 मिमी साखळी मीटरला सुमारे 1.4 किलो, म्हणजे 60 मीटरचे 84 किलो. नांगर धरून 100. अंतर साडेतीन मीटर, गुणाकार 350, म्हणजे नाळेकडे जवळजवळ 8 सेंमी. टाकीचे 90 किलो 2.2 मीटरवर, आणखी साडेचार सेंमी. एकूण 12. उलट बाजूला कमान, पॅनेल आणि इंजिन मिळून 50 किलो धरले आणि अंतर 3.7 मीटर, तर पिछाडीकडे 4 सेंमी. तीन बॅटऱ्यांचे 84 किलो 1.8 मीटरवर, म्हणजे साडेतीन सेंमी. वजाबाकी केली की नाळेकडे उरतात पावणेपाच सेंमी. शिवाय या सगळ्या सव्वातीनशे किलोंनी बोट अख्खी 3 सेंमी खाली बसली. म्हणून धक्क्यावरून बघताना नाळ मूळ रेषेच्या 5 सेंमी खाली दिसते आणि पिछाडी जवळजवळ जागेवर. तुम्हाला वाटले, पुढे वजन जास्त झाले आणि मागे ठीक आहे. खरे तर दोन्ही टोकांना वजन वाढले आहे. पिछाडीचे वाढलेले वजन ट्रिमने झाकले, एवढेच.

आणि बोट चालवताना तुम्ही कुठे बसता? कॉकपिटमध्ये. दोन माणसे, 150 किलो, मध्यापासून 2 मीटर मागे. गुणाकार 300, म्हणजे जवळजवळ 7 सेंमी पिछाडीकडे. धक्क्याला पावणेपाच सेंमी नाळेवर झुकलेली बोट शिडे चढवून तुम्ही दोघे मागे बसलात की 2 सेंमी पिछाडीवर झुकलेली असते! त्यात शिशाचे 60 किलो 3 मीटर मागे टाकले तर आणखी 4 सेंमी. मग ट्रान्समची, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीची, खालची कड पाण्यात ओढली जाईल. मागे वळून बघितलेत तर पाणी कडेपासून स्वच्छ सुटण्याऐवजी खळबळत बोटीच्या मागे मागे येताना दिसेल. कमी वाऱ्यात त्याने वेग जातो, आणि वाऱ्यावर चढताना हलकी झालेली नाळ वारा बाजूला ढकलत राहतो.

तुम्ही सांगितलेले माना घालणे ट्रिममुळे नाही, टोकांच्या वजनामुळे आहे. ट्रिममध्ये अंतर एकदा गुणले जाते, पण बोटीच्या पुढेमागे डोलण्याच्या जडत्वात ते दोनदा गुणले जाते. मध्यापासून 1 मीटरवर असलेली वस्तू उचलून 4 मीटरवर ठेवली तर ट्रिमवर तिचा परिणाम चौपट होतो आणि डोलण्याच्या जडत्वात सोळापट. म्हणून पुढे 100 किलो आणि त्यांना तोलायला मागे 100 किलो टाकलेली बोट धक्क्याला अगदी सरळ दिसते आणि लाटांत सर्वांत वाईट वागते. एकदा खाली गेलेली नाळ तिला वेळेवर वर आणता येत नाही, पुढची लाट डेकवरून येते, आणि वेग 4 नॉटवरून 2 वर येतो. टोकाला वजन टाकून साधलेला समतोल म्हणूनच मला मान्य नाही. मी अशी बोट पाहिली आहे. धन्याने नाळेतल्या साखळीला उतारा म्हणून पिछाडीच्या लॉकरात जुन्या बॅलास्टच्या (तोलासाठी ठेवायच्या वजनाच्या) विटा रचल्या होत्या, आणि आखूड लाटांत बोट पुढे जात नाही म्हणून तो नवीन शिडे शिवून घेण्याच्या विचारात होता. विटा काढल्या, साखळी अर्धी केली, आणि त्याच जुन्या शिडांनी बोट चालू लागली.

तेव्हा काम एकाच दिशेने करायचे. दोन्ही टोकांतून एकदम काढायचे आणि मध्याकडे, खाली आणायचे. एकदम म्हणते, कारण नुसती नाळ हलकी केलीत तर झाकलेली पिछाडी उघडी पडेल.

त्याआधी मोजा. हे काम लोक टाळतात, पण सगळे यावरच उभे आहे. पहाटे पाणी आरशासारखे असताना, बांधणीच्या दोऱ्या सैल सोडून, टाक्यांत किती आहे ते लिहून ठेवून मोजायचे. नाळेवर ओणवे होऊन टेप खाली सोडू नका. 70 किलोचे माणूस नाळेवर गेले की या बोटीत नाळ 3 सेंमी खाली जाते, म्हणजे तुम्ही स्वतःलाच मोजाल. डिंगीतून मोजा, बोटीला न रेलता, डेकच्या कडेवरच्या ठरावीक खुणेपासून पाण्यापर्यंत. नाळ, पिछाडी, मध्याला डावी आणि मध्याला उजवी, असे चार आकडे. मग दोन माणसे कॉकपिटमध्ये बसवून तेच चार आकडे पुन्हा. तळाला रंगवलेल्या पट्ट्यावर विश्वास ठेवू नका. आधीच्या मालकाने आपल्या सामानाच्या हिशोबाने तो वर सरकवलेला असू शकतो, अनेक जण तसे करतात. बोटीचा मूळ नकाशा मिळाला तर त्यातली पाणरेषा डेकच्या कडेपासून किती आहे ते घ्या आणि त्याच्याशी ताडा.

नकाशा नसेल तर बोट स्वतः थोडे सांगते. पावसाचे पाणी कॉकपिटमध्ये मागच्या मोरीतून जाण्याऐवजी पुढे, पायऱ्यांच्या उंबऱ्याशी साचत असेल तर बोट नाळेवर आहे. शेवाळाची हिरवी रेघ एका बाजूला पट्ट्याच्या वर चढली असेल तर कल जुना आहे, आजच्या सामानाचा नाही. केबिनमध्ये आडवा कल बघायला स्पिरिट लेव्हलपेक्षा पारदर्शक नळी बरी. नळीत पाणी भरा, दोन टोके केबिनच्या दोन्ही बाजूंना समान खुणांशी धरा आणि पातळीतला फरक मोजा. बोट तीन-साडेतीन मीटर रुंद नसली तरी नळीत 5 मिमीचा फरक स्पष्ट वाचता येतो.

मग सगळे सामान बाहेर काढून तोला. होय, सगळे. सामानाचा काटा पुरतो. प्रत्येक लॉकरला वहीचे एक पान, प्रत्येक वस्तूपुढे वजन आणि डोलकाठीपासूनचे अंतर. डब्यांचे खाणे, अवजारे, सुटे भाग, पुस्तके, जुन्या दोऱ्या, न वापरलेला रंग: 28 फुटी बोटीतून असे 100 किलो निघणे नवलाचे नाही. 110 किलोला 1 सेंमी, हे लक्षात ठेवून काय परत आत न्यायचे ते ठरवा. बांधणाऱ्याने लावलेल्या पाटीवर कमाल भार दिलेला असतो. तो माणसे धरून असतो, हे बहुतेकांना पाटी नीट वाचेपर्यंत कळत नाही.

आता एकेक वस्तू.

साखळी. खडकाळ किंवा पोवळ्याच्या तळावर नेहमी नांगरायचे असेल तर पूर्ण साखळीला पर्याय नाही, दोरी कापली जाते. तसे नसेल तर 30 मीटर साखळी आणि पुढे 40 मीटर 14 मिमीची नायलॉनची दोरी असा जोड करा. साखळीचे 42 किलो कमी होतात, दोरीचे पाचेक वाढतात, म्हणजे निव्वळ 37 किलो नाळेतून जातात आणि ट्रिम 3 सेंमीने सुधारतो. नायलॉन ताणले जाते, त्यामुळे झटके कमी बसतात, हा वेगळा फायदा. जोड मात्र विंडलासच्या, म्हणजे नांगर ओढायच्या यंत्राच्या, दातेरी चाकातून जाईल अशा स्प्लाइसनेच (दोरीचे पेड विणून) करा. पूर्ण साखळीच हवी असेल तर जास्त ताकदीच्या ग्रेडची लहान मापाची साखळी मिळते. 6 मिमी साखळी मीटरला सुमारे 0.8 किलो भरते, पण चाक त्या मापाचे बदलावे लागते, आणि साखळीवर ग्रेड कोरलेला नसेल तर ती घेऊ नका. मोठ्या सफरीत, किनारा मागे पडल्यावर, मी साखळी नाळेतून काढून दोन जाड पोत्यांत भरते आणि डोलकाठीच्या पायथ्याशी जमिनीवर पट्ट्यांनी बांधून टाकते. 20-20 किलोचे पोते एका माणसाला उचलता येते. किनारा दिसण्याच्या किती तरी आधी, शांत पाण्यात, ती परत जागेवर गेली पाहिजे. इंजिन बंद पडले तर तुमचा ब्रेक नांगरच आहे.

पाणी. पुढची टाकी भरून सफरीला निघू नका. तेवढेच पाणी सलूनच्या दोन्ही बाकांखाली, मध्याजवळ, लहान टाक्यांत किंवा 10 लिटरच्या कॅनमध्ये ठेवा. डाव्या-उजव्या टाक्या पाइपने जोडलेल्या असतील तर मधला व्हॉल्व्ह चालताना बंद हवा. नाही तर बोट कलली की वरच्या बाजूचे पाणी खालच्या बाजूला उतरते आणि कल आणखी वाढतो. अर्धी भरलेली रुंद टाकीही तेच करते, म्हणून एक टाकी संपवून मगच दुसरी उघडा. पुढची टाकी ठेवायचीच असेल तर आधी ती संपवा. मात्र निघताना बरोबर असलेला ट्रिम आठवड्याने वेगळा असतो. म्हणून हिशोब अर्ध्या भरलेल्या टाक्यांवर बसवा. भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही वेळी चूक थोडीच राहील.

बॅटऱ्या. तुमचा डावीकडचा कल बहुतेक इथेच आहे. 84 किलो मध्यरेषेपासून 90 सेंमी बाजूला, आणि अशा बोटीची मेटासेंट्रिक उंची (कलायला बोट किती विरोध करते त्याचे माप) 0.9 मीटरच्या आसपास धरली, तर कल जवळजवळ दीड अंश येतो. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या मापात त्याने 6 सेंमीचा फरक दिसतो. टिलर ओढण्याचा संबंधही मला इथे दिसतो. एक गोष्ट तपासा: डावी बाजू वाऱ्याआड असताना ओढ जास्त आहे आणि उजवी बाजू वाऱ्याआड असताना कमी? तसे असेल तर कारण कल आहे. कललेल्या बोटीचा आकार पाण्यात विषम होतो आणि ती वाऱ्याकडे वळू पाहते. दोन्ही बाजूंना सारखीच ओढ असेल तर शिडांकडे बघा. ताणून पोट सुटलेले मोठे शीड किंवा उशिरा घातलेला रीफ (शीड गुंडाळून लहान करणे) हे नेहमीचे कारण. बॅटऱ्या पायऱ्यांखाली, इंजिनाच्या पुढे, मध्यरेषेवर आणता आल्या तर कल जातो आणि पिछाडीकडचे तीन सेंमीही जातात. बोट पूर्ण उलटी झाली तरी हलणार नाहीत अशा त्या बांधा. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या घेतल्या तर त्याच साठ्याला निम्म्याहून कमी वजन लागते, पण इंजिनाचा अल्टरनेटर आणि चार्जर त्यांना जुळवून घ्यावे लागतात. नुसती अदलाबदल करू नका.

कमान. डिंगीचे इंजिन आधी खाली उतरवा, पेट्रोल काढून टाका आणि हवा खेळणाऱ्या कॉकपिट लॉकरच्या तळाशी, जमेल तेवढे पुढे ठेवा. केबिनमध्ये नको, पेट्रोलची वाफ खाली साचते. स्टीलच्या जागी ॲल्युमिनियम केले तर मिळून 20-25 किलो जातात, आणि तेही मागून आणि उंचावरून.

उंचीबद्दल दोन शब्द जास्त बोलते. डोलकाठीच्या शेंड्याला, पाण्यापासून 11 मीटरवर, 1 किलो चढवला तर तो फिटवायला पाण्याखाली सव्वा मीटरवर किलमध्ये 9 किलो लागतील. ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात झालेल्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत 303 बोटी निघाल्या आणि 15 खलाशी गेले. त्यानंतर बोटी उलटण्याचा कसून अभ्यास झाला आणि एक सोपे सूत्र प्रचारात आले: बोटीची रुंदी फुटांत, भागिले पौंडातल्या वजनाच्या चौसष्टाव्या भागाचे घनमूळ. उत्तर 2 पेक्षा कमी असावे. तुमच्या मापाच्या बोटीचे ते 1.79 येते. आता 600 किलो सामान चढवा, 1.70 होते. आकडा सुधारला! ते 600 किलो बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट जागेत) आहेत की डेकवर कॅन बांधून ठेवले आहेत, हे सूत्राला कळत नाही. जास्त वजन चढवून कोणी हा आकडा दाखवू लागला तर मला खरोखर काळजी वाटते.

त्यापेक्षा हे करा. दोऱ्या सैल सोडून बोट बाजूला हलवा, तालात येऊ द्या, आणि दहा झोक्यांचा वेळ घ्या. रिकामी असताना एकदा, पूर्ण सामानासह एकदा. 23 सेकंदांचे 26 झाले असतील तर वजन वर गेले आहे आणि बोट सावकाश सावरते आहे. सुखकारक वाटणारा हा मंद झोका चांगले लक्षण नाही.

हे सगळे केले तर हिशोब असा बसतो: साखळीचे 3 सेंमी आणि टाकीचे साडेचार नाळेतून गेले, बॅटऱ्यांचे 3 आणि कमानीचे 2 पिछाडीतून गेले. धक्क्याला नाळ 2 सेंमी खाली राहील. ती तशीच राहू द्या. सफरीत एक जण पहाऱ्यावर कॉकपिटमध्ये आणि दुसरा मधल्या बर्थवर झोपलेला असतो, तेव्हा बोट जेमतेम सेंमीभर पिछाडीवर असेल, आणि मला ती तशीच हवी असते. मागून लाटा येत असताना नाळेवर झुकलेली बोट वाईट. नाळ रुतते, सुकाणू उथळ होते आणि बोट आडवी फिरते. पुढेमागे डोलण्याचे जडत्व माझ्या अंदाजाने दहाएक टक्क्यांनी कमी होईल. शिसे ठेवले असते तर साडेतीन टक्क्यांनी वाढले असते.

सामान मध्याकडे आणताना एक खबरदारी घ्या. ऑटोपायलटचा कंपास बऱ्याचदा मधल्या बर्थखालीच, कमीत कमी हलणारी जागा म्हणून बसवलेला असतो. तिथेच तुम्ही पत्र्याचे डबे, साखळी आणि अवजारे आणून ठेवाल. आधी तो शोधा, आणि सामान लागल्यावर तो आणि सुकाणूजवळचा, असे दोन्ही कंपास ओळखीच्या दिशांवर ताडून बघा. बिल्जमध्ये ठेवायच्या डब्यांची कागदी लेबले काढून झाकणावर मार्करने लिहा. भिजून सुटलेला कागद पंपाची गाळणी बंद करतो.

डोलकाठीचा कल आणि ताण आता बदलू नका. 12 सेंमी ट्रिम म्हणजे या बोटीत 1 अंश, आणि तेवढ्याने शेंडा 19 सेंमी पुढे-मागे जातो. म्हणजे ट्रिम सुधारला की डोलकाठीही आपोआप थोडी हलली. आधी वजन, मग मध्यम वाऱ्यात, सपाट पाण्यात, दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटे चालवून टिलर किती अंश धरावा लागतो ते बघा. तीन-चार अंश चांगले. दहाच्या वर असेल तर मग रिगिंगला (डोलकाठीच्या तारांना) हात लावा. आणि तळाचा नवा पट्टा रंगवायचा असेल तर तो अगदी शेवटी, एक पूर्ण सफर झाल्यावर, पाणी आणि डिझेल अर्धे असताना पाण्यावरच खुणा करून.